ठिगळाचा बिबडा

पार्वताबाईचा टपालावर विश्वास नव्हता. कागद बोलतो खरा, पण कुणाच्या आवाजात बोलेल याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं आणि मुलाकडून, पितांबरकडून, लिहून घ्यावं तर तो आईच्या दहा वाक्यांचं एक करून मोकळा होई. शेळी व्यायली, दोन पिलं झाली, एक काळं नि एक कबरं, कबऱ्याच्या कानावर पांढरा ठिपका आहे, एवढं सगळं तिने सांगावं आणि कागदावर उतरावं, ‘शेळी व्यायली, बाकी ठीक.’

“ठीक शे ते मालेबी माहीत शे,” ती म्हणे. “कानवरना ठिपका कोठे गया?”

म्हणून तिची लेक कोकिळा लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून घरची खबर तिच्याकडे जाई ती हिलालच्या तोंडून.

हिलाल चिंचखेड्याचाच. बाजारात कापड विकायचा. पंधरा दिवसांनी एकदा शिंदखेड्याला जाऊन सुरत पॅसेंजर धरायची, साड्या नि पोलक्याचे तुकडे भरून आणायचे आणि आठवडाभर आजूबाजूच्या गावांचे बाजार करायचे, हा त्याचा धंदा. सुरतेत लिंबायत भागात खानदेशातली पुष्कळ माणसं कापडाच्या यंत्रमागांवर कामाला. हिलालचा मुक्कामही तिथेच कुणाच्या तरी खोलीत पडे. त्यामुळे जाताना निरोप न्यायचे आणि येताना आणायचे, हे ओझं त्याच्या गाठोड्यावर आपसूक चढलं होतं. त्याची एक कला होती. सांगणाऱ्याचा आवाज, हेल, मध्येच घेतलेला श्वास, सगळं तो जसंच्या तसं पोचवी. अर्थ काय, याच्याशी त्याला देणंघेणं नसे.

जायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तो पार्वताबाईच्या ओट्यावर येऊन बसे. चहाची बशी तोंडाला लावी आणि म्हणे, “हां, अक्का. चालू कर.”

पार्वताबाईच्या सांगण्याला क्रम होता. आधी शेळ्या. मग दारचा निंब, त्याला मोहोर आला की नाही. मग शेजारच्या द्रौपदाबाईची कोंबडी, जी नेमकी यांच्या गोवऱ्यांत अंडं घालून जाई आणि त्यावरून दोघी मैत्रिणींची रोज कुरबुर होई. मग गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेने काय केलं. पितांबरसाठी पाहिलेली मुलगी आणि ती का नको. हे सगळं सांगताना ती हातातलं काम सोडत नसे, त्यामुळे मध्येच सुपाचा आवाज, मध्येच लसूण सोलल्याचा वास निरोपात मिसळे.

“अक्का,” हिलाल म्हणे, “गाडी नंदुरबारले ई जास तरी मन्हं घोकनं सरस नही.”

“मंग साड्या इकानं सोडी दे, नि घोकत बस.”

सगळ्यात शेवटी निंबा आबाचं वाक्य. आबा, म्हणजे कोकिळाचा बाप, ओसरीतल्या खाटेवर पाठ करून पडलेला असे. आपण ऐकतच नाही असं तो दाखवी. पण पार्वताबाई थांबली की खाट कुरकुरे आणि त्याचा घोगरा आवाज येई, “तिले सांगजो, तपकीर सरनी. नि हाई बी सांगजो, तुन्ही माय दिवसभर भांडस.” कधी जावयासाठी असे, “त्या आधारले सांगजो, डोकाले इतलं तेल लावू नको, उशीवर माशा बसतीन.” पार्वताबाई चिडून म्हणे, हे सांगू नको रे हिलाल, आणि हिलाल तेच हटकून सांगे. लिंबायतला कोकिळाच्या खोलीच्या जिन्यावर आसपासच्या बायका जमत, त्या पार्वताबाईच्या शेळ्या मुकाट ऐकून घेत आणि शेवटाला म्हणत, “आते आबा व्हऊ दे.” कोकिळा पोट धरून हसे. आणि परत येताना हिलालच्या गाठोड्यात, साड्यांच्या मधोमध, सुरतेच्या तपकिरीची एक डबी असे.

फाल्गुनात निरोपाबरोबर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, जात. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या कापडावर बोटांनी थापायची. बिबडे वाळले की कापड उलटं करून पाण्याचा हात फिरवायचा आणि अलगद सोडवून घ्यायचे. पार्वताबाई त्यासाठी आबाचं एक जुनं धोतर ठेवून होती. त्याच्या एका कोपऱ्याला कोकिळाने लहानपणी ठिगळ लावलं होतं. शिवण शिकत होती तेव्हाचं ते काम, वेडेवाकडे टाके, जणू कोंबडी चिखलातून चालून गेली. बिबड्याच्या मागच्या बाजूला धोतराचा बारीक पोत उमटे आणि दर वर्षी एका तरी बिबड्यावर ते ठिगळ टाक्यांसकट उमटून येई. त्यासाठी भावाबहिणीची मारामारी चाले. लग्न झाल्यावर तो बिबडा, न सांगता, सुरतेच्या डब्यात सगळ्यात वर जाऊ लागला.

त्या वर्षी मार्गशीर्षात कपाशीची वेचणी चालू होती. आबा बांधावर बाभळीखाली तपकीर ओढायला बसला आणि उठलाच नाही. पार्वताबाई चार ओळींपलीकडे वेचत होती. ती हाका मारत राहिली; मग तिला वाटलं, मुद्दाम ओ देत नाही.

बैलगाडीतून त्याला घरी आणलं, तेव्हा ओट्यावर बायका जमल्या. पार्वताबाईने टाहो फोडायच्या आधी गर्दीत हिलालला शोधलं. कोकिळाला तेव्हा तिसरा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहून पोट रिकामं झालं होतं. सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावलं होतं, जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही आणि मनाला धक्का लागेल असं काही तिच्या कानावर घालायचं नाही.

“हिलाल, आजच्या गाडीले जाय,” पार्वताबाई म्हणाली. “जवाईले येकलाले बाहेर बलावजो. कोकीना कानवर पडानं नही.”

“अक्का, बाप शे तिना…”

“मन्हं ऐक. बाप गया. पोर बी जाऊ देऊ का?”

हिलाल गेला. आधार आला, तो मालकाने मागाचे सुटे भाग आणायला भिवंडीला पाठवलंय असं बायकोला सांगून. दहाव्याला त्याने गुडघ्यांत डोकं घालून रडून घेतलं आणि परत जाताना दाढी करून, डोक्याला तेल लावून गेला.

खानदेशात बाप गेला की लेकीचं रडणं मोठं मानतात. ती वेशीपासून हेल काढत येते, बापाचं एकेक आठवून सांगते, आणि आई तिच्या गळ्यात पडून त्या रडण्याला दुसरा सूर लावते. इथे लेकच नव्हती. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, “पोर नही, मंग बापनं रडनं कसं पुरं व्हई?”

पार्वताबाई कोपऱ्यात बसून होती. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ती ई, तवय मी बी रडसू.”

आणि खरंच, बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं, आबाच्या कपड्यांचं बोचकं पितांबरने तापीकाठी नेऊन सोडलं, तरी तिच्या घशातून मोठा आवाज निघाला नाही. तो तिने लेकीसाठी ठेवून दिला होता.

सुरतेची पाळी आली तसा हिलाल दारात येऊन उभा राहिला. चहा नको म्हणाला. पार्वताबाईने कोपऱ्यातूनच सुरुवात केली. शेळी. निंब. कोंबडी. द्रौपदाबाई उंबऱ्याशी बसली होती, ती मान हलवत राहिली. कपाशी घरात आली. थंडी फार आहे. सांगता सांगता शेवट आला. ओसरीतली खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. हिलाल आपल्या पायांकडे बघत राहिला.

“आबानं काय सांगू, अक्का?” त्याने अखेर विचारलं.

पार्वताबाईने पदर तोंडाशी धरला. “सांगजो… आबा म्हने, बेटा, जीवले जपजो. आम्हनी काळजी करू नको.”

हिलाल गेल्यावर द्रौपदाबाईने कपाळाला हात लावला. दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. एकमेकींना बोलायला त्यांना आडपडदा नव्हता. “पारबता, निंबाभाऊ जनममा कधी ‘बेटा’ म्हने का? कोकी काय येडी शे?”

“मंग काय म्हनता ऱ्हायता?”

“तुलेच माहीत. संसार तू करा का मी?”

तेव्हापासून पार्वताबाईला एक नवं काम लागलं. दळताना, शेण थापताना ती आबाचं बोलणं जुळवत बसे. ज्या वाक्यांवरून आयुष्यभर भांडली, ती आता तिलाच घडवायची होती. वाटलं तेवढं सोपं नव्हतं ते. तिच्या हातून शिव्याही मऊ निघत. मग द्रौपदाबाई दुरुस्त करी. “जवाईले सांगजो, पगार वाढना का, हाई नही म्हने तो. तो म्हने, मालकना माग बंद पडना का नही अजून?” आणि दोघींना हसू फुटे, आणि हसता हसता पार्वताबाई उठून शेळीला पाला टाकायला जाई.

दर खेपेला तपकिरीची डबी येतच राहिली. निरोपही येई. “आबाले सांगजो, या वखतनी तपकीर कडक शे, थोडी थोडी ओढजो.” पार्वताबाई डबी हातात घेई, पदराने पुसून देवाच्या कोनाड्यामागे ठेवून देई. फेकवत नव्हती आणि कुणाला देववतही नव्हती.

पण मग कोकिळाचं एक मागणं सुरू झालं. पहिल्याच वेळी हळू आवाजात आलं असावं, कारण हिलालनेही ते हळू आवाजात सांगितलं. “माय, सातवा लागना का तू ये ना. मालेच हालता येत नही, नहीते मीच येती.”

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पोरीला येता येत नाही तर आईने जावं, यात विचारण्यासारखंही काही नव्हतं. कोणतीही आई डिंक-मेथी बांधून निघाली असती. पार्वताबाईने निरोप धाडला, गहू कापणीला आलाय. मग धाडला, पितांबरच्या पायात काटा मोडलाय. मग एकदा, काहीच सुचेना म्हणून, सांगितलं, “आबाले सोडीसन कशी येऊ? त्याले जेवाले कोन देई?” हिलालने ते ऐकलं आणि गाठोडं उचललं.

ती जाणार कशी? लेकीने दार उघडलं की आधी आईच्या कपाळाकडेच बघणार. तिथे आता काही नव्हतं. हातही उघडे. शब्द फिरवता येत होते, कपाळ कसं फिरवणार?

एका दुपारी द्रौपदाबाई आली तर पार्वताबाई कुंकवाची डबी उघडून बसली होती. बोट बुडवलेलं नव्हतं.

“लाव ना,” द्रौपदाबाई दबक्या आवाजात म्हणाली. “गावमा कोनी देखाव नही. गाडीमा बसानी तवय लाव. पोरनासाठी शे, देव काय म्हनाव नही.”

“देवनं नही वं.” पार्वताबाईने झाकण लावलं. “लावसू. पन परत तर पुसनंच पडी ना. दोनदा कशी पुसू, द्रौपदा?”

फाल्गुन आला. घरोघरी ज्वारी भिजली. वर्षाच्या आत ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात पापड-बिबडे करत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात, ते खायचे. पण सुरतेला बिबडे गेले नाहीत तर कोकिळा विचारणार. म्हणून द्रौपदाबाईने आपल्या अंगणात घाट घातला. पार्वताबाई स्वतःच्या ओट्यावर बसून तिथून सांगत होती. तीळ अजून टाक. लसूण सालीसकट ठेच, कोकीला तसाच आवडतो. मीठ चाखून बघ. पातेल्याला तिने हात लावला नाही.

“इतली नजर ठेव, म्हनजे मन्हा हातले बी तुन्ही चव ई,” द्रौपदाबाई म्हणाली.

तिने खाटांवर आपलं जुनं नऊवारी लुगडं ओलं करून पसरलं आणि भराभर थापायला घेतलं. पार्वताबाई बघत होती. काहीतरी चुकतंय असं तिला मधूनच वाटत होतं. तिने पुन्हा मीठ विचारलं, तीळ विचारले. सगळं बरोबर होतं. मग तिला वाटलं, आपला हात नाही म्हणून खटकत असेल. संध्याकाळी शिजवलेल्या पिठाचा एक घास चाखून पाहिला. चव अगदी तिचीच होती. डबा भरून तिने हिलालच्या हवाली केला तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

हिलाल चौथ्या दिवशी परत आला. ओट्यावर बसला आणि नेहमीसारखं सुरू केलं. तब्येत बरी आहे. पाय जरा सुजतात. शेजारीण पाणी भरून देते. आधार रात्रपाळीला असतो. पार्वताबाई शेंगा फोडत ऐकत होती.

“द्रौपदा मावशीले सांगजो, बिबडा चांगला व्हयनात,” हिलाल कोकिळाच्या आवाजात म्हणाला. “नि मायले सांगजो, ऊनमा फिरू नको. येळवर जेवजो. येकली शे म्हनीसन चुल्हा पेटावाना कटाळा करू नको.”

आणि तो थांबला. गाठोडं आवरायला लागला.

“आबाले काय?” पार्वताबाईने विचारलं.

“काही नही म्हनी.”

“तपकीर?”

“नही दिधी.” हिलालला स्वतःलाही ते आत्ताच जाणवलं असावं. त्याने गाठोडं उगाच चाचपलं. “इसरनी व्हई.”

“परत सांग.”

“काय?”

“बठ्ठं. पह्यलेपाईन. ती बोलनी तसं.”

त्याने पुन्हा सांगितलं. द्रौपदा मावशीले सांगजो, बिबडा चांगला व्हयनात. येकली शे म्हनीसन. पार्वताबाईच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. “तिनी बिबडा खादा का?” तिने विचारलं.

“नही. डबा उघडा, नि येक येक काढीसन उलटा करीसन देखत बसनी. बठ्ठा डबा खाली करा. मी म्हनं, काय शोधी ऱ्हायनी? म्हनी, काही नही, किडं-मुंगी देखस. सकायले डोया सुजेल व्हतात तिना. म्हनी, रातभर मच्छर.”

पार्वताबाई उठली. द्रौपदाबाईने तिच्यासाठी ठेवलेले चार बिबडे शिंक्यावर होते. तिने एक काढून उलटा केला, उजेडाकडे नेला. मागच्या बाजूला द्रौपदाबाईच्या लुगड्याची चौकडी उमटलेली होती, ठसठशीत. धोतराचा बारीक पोत नाही. वेडेवाकडे टाके नाहीत. ते धोतर मार्गशीर्षातच बोचक्यात बांधून तापीकाठी गेलं होतं. पितांबरने मोजून सगळे कपडे घेतले, त्यात तेही गेलं, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तीळ सांगितले, लसूण सांगितला, मीठ चाखलं. कापड मात्र कुणीच पाहिलं नाही.

आईच्या घरी या वर्षी बिबडे झाले नाहीत, ते शेजारच्या अंगणात झाले. आणि ज्या घरात होत नाहीत त्या घरात काय झालेलं असतं, हे खानदेशातल्या पोरीला सांगावं लागत नाही.

“पितांबर,” तिने आत हाक मारली. “गाडी जुंप. स्टेशनवर जाऊत.”

“अक्का, मी बी येस,” हिलाल उठला. “तुले घर सापडाव नही.”

“ये. पन तोंड उघडू नको. आज मन्हा निरोप मीच लई जास.”

तिने कोनाड्यामागच्या सगळ्या डब्या एका फडक्यात बांधल्या. डिंक, मेथी घेतली. द्रौपदाबाई धावत आली. तिने पिशवीत भाकरी आणि चटणी कोंबली आणि गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत मागोमाग चालत राहिली.

पार्वताबाई आयुष्यात पहिल्यांदाच दोंडाईच्याच्या पुढे जात होती. रात्रभर खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने विचारलं, कोठे निघालात? “पोरकडे,” ती म्हणाली. “बाळतपनले?” तिने मान हलवली. बाईची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तिने पुढे काही विचारलं नाही. हिलाल समोरच्या बाकावर तोंड मिटून बसला होता. इतका वेळ गप्प बसायची त्याला सवय नव्हती, म्हणून शेवटी झोपला.

लिंबायतमध्ये सकाळीच माग धडधडत होते. रस्ता, भिंती, जिना, सगळं त्या आवाजाने थरथरत होतं. हिलालने खालूनच वरची खोली दाखवली आणि तो पायरीवर बसून राहिला. पार्वताबाईने पदर ओढून भुवयांपर्यंत आणला. इथवर आल्यावर तिचं धाडस गळून गेलं होतं. हे पोरीला कळलंय, असं आपणच कशावरून ठरवलं? डबी विसरलीही असेल. मच्छर असतीलही.

दार लोटलेलं होतं. कोकिळा पलंगावर कुशीवर पडली होती. पाय उशीवर, पोट चांगलं वर आलेलं. रात्रपाळीहून आलेला आधार भिंतीशी झोपला होता. तिने मान वळवली आणि आईकडे पाहिलं.  बाहेर माग चालत होते.

“माय,” कोकिळा म्हणाली, “पदर मांगे ले. गरम व्हस.”

पार्वताबाईने पदर मागे घेतला.

कोकिळाने त्या कपाळाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. पार्वताबाई पलंगाच्या कडेला बसली. लेकीचा हात हातात घेतला आणि दुसरं काय करावं ते न कळून तिने सुरुवात केली, नेहमीची. शेळीला पुन्हा दोन पिलं झाली. या कबऱ्याच्याही कानावर ठिपका आहे. दारच्या निंबाला या वर्षी मोहोर फार, ओटा झाडून झाडून जीव जातो. द्रौपदाची कोंबडी मुंगसाने नेली, आता भांडायला काही उरलं नाही. कोकिळा डोळे मिटून ऐकत होती. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीत जात होतं, पण मध्ये ती ‘हूं’ म्हणत होती, कारण निरोपाला हूं म्हणायची तिला सवय होती.

शेवट आला. पार्वताबाई थांबली.

“कवयपाईन समजनं तुले?” तिने विचारलं.

“आबा माले ‘बेटा’ म्हनना, तवयपाईन.”

“नि तपकीर? तपकीर काब्र धाडत ऱ्हायनी मंग?”

“बंद करती, ते तुले समजी जातं, माले समजनं म्हनीसन.” कोकिळाने नाक पुसलं. “नि मन्हं बी मन म्हने, म्हतारा व्हयना, मऊ पडना व्हई. म्हतारा मानसे पडतस मऊ. परतेक खेपले वाटे, आते खरं बोली तो. मंग डबा ऊना. बठ्ठा बिबडा उलटा करात, माय. ठिगय कोठेच नही सापडनं.”

पार्वताबाईला वाटलं होतं, ती दुःख लेकीपासून लांब ठेवते आहे. तिने फक्त एवढंच केलं होतं की पोरीला ते एकटीने, जिन्यावर बायका हसत असताना, हूं हूं म्हणत गिळायला लावलं होतं. तिच्या घशात मार्गशीर्षापासून अडकलेला आवाज वर आला. ती लेकीच्या खांद्याशी वाकली. आधार धडपडून उठून बसला, “मामी, नको, डॉक्टरीणबाईनी सांगं शे,” असं काहीतरी म्हणू लागला.

“रडू द्या,” कोकिळा त्याला म्हणाली. “जोरबन नही रडाऊत. हयूच रडसूत.”

आणि दोघी खरोखरच हळू रडल्या, पोटातल्याला जाग येऊ नये अशा. वेशीपासून हेल काढत यायचं ते रडणं नव्हतं ते. मागांच्या आवाजात शेजारच्या खोलीलाही ऐकू गेलं नसेल.

मग पार्वताबाईने फडकं सोडलं. डब्या पलंगावर मांडल्या, एकही न उघडलेल्या. कोकिळाने एक उचलली, नखाने झाकण काढलं. खोलीभर तो वास पसरला. ओसरीतल्या खाटेचा, उशीचा, आबाच्या उपरण्याचा. तिला शिंक आली. आईलाही आली.

“आते सांग,” कोकिळा म्हणाली, डबी छातीशी धरून. “आबानं सांग. खरंखुरं. हिलालदादाले सांगस तसं, काही सोडू नको.”

पार्वताबाईने पाय वर घेतले, मांडी घातली. “त्या दिन सकायले दोनदा चहा मांगा त्यानी,” ती म्हणाली. “मी म्हनं, दूध सरनं. तो म्हने, शेयीले सांग…”